खिशातले पिस्तूल आणि गावचा परवाना

जुन्या वाड्यांतून अजूनही कुठेकुठे एक काठी पाहायला मिळते. दिसायला अगदी साधी. म्हाताऱ्या माणसाने टेकत टेकत देवळात जावे अशी. पण मूठ धरून ओढली की आतून लखलखीत पाते बाहेर येते. तिला आपण गुप्ती म्हणतो. नावातच सारे आले. कमरेची तलवार चारचौघांना दिसते. समोरचा माणूस बेताने बोलतो, बेताने उभा राहतो. गुप्तीचे तसे नाही. ती ज्याच्या हातात आहे तो आणि ज्याच्या हातात नुसती काठी आहे तो, दोघे वरून सारखेच दिसतात.

शस्त्र उघड असावे की झाकलेले, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली जे घडले ते शाळेतल्या पोरालाही तोंडपाठ आहे. भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले, वाघनखे मुठीत दडवली. आणि खानाच्या मनात दगा होता म्हणूनच ती दडवावी लागली, असे आपण पोवाड्यांतून ऐकत आलो. म्हणजे झाकलेले शस्त्र दगा करणाऱ्याजवळही असते आणि दग्यातून जीव वाचवणाऱ्याजवळही असते. वरून पाहून कोण कोणता हे कळत नाही. मग ते कुणाला बाळगू द्यावे, कुणाला देऊ नये, आणि हे ठरवावे कुणी?

या प्रश्नाची एक लांबची हकीकत आज सांगायची आहे. ती अमेरिकेची आहे. तिथे हा वाद दोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. गावची नगरपालिका, जिल्ह्याचा शेरीफ, राज्याचे विधिमंडळ आणि देशाचे सर्वोच्च न्यायालय या सगळ्यांचे हात त्याला लागले आहेत. हकीकत परक्यांची खरी, पण तिचा शेवट आपल्या दारापर्यंत येतो.

आधी तिथली व्यवस्था थोडी समजून घेऊ. अमेरिका हे अनेक राज्यांचे मिळून झालेले राष्ट्र. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. राज्यात काउंट्या, म्हणजे साधारण आपले जिल्हे-तालुके. काउंटीचा पोलीस कारभार पाहणारा तो शेरीफ. मुंबईला शेरीफ म्हणून जे मानाचे पद होते ते वेगळे. तिथला शेरीफ म्हणजे खराखुरा अंमलदार, कमरेला पिस्तूल लावून फिरणारा, आणि बहुतेक ठिकाणी लोकांनी मते देऊन निवडलेला. शिवाय देशाच्या राज्यघटनेला १७९१ साली ज्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या, त्यांतली दुसरी शस्त्रांविषयी आहे. स्वतंत्र राज्याच्या रक्षणासाठी सुव्यवस्थित लोकसेना हवी, म्हणून शस्त्रे ठेवण्याचा आणि बाळगण्याचा लोकांचा हक्क हिरावून घेतला जाऊ नये, असा तिचा मथितार्थ. वाक्य एकच, पण त्यावर वादांचे डोंगर उभे राहिले. हक्क लोकसेनेचा की एकेकट्या माणसाचा? घरातला की रस्त्यावरचा? उघड बाळगण्याचा की लपवूनही? घटना त्याबाबत गप्प आहे.

आता गंमत पाहा. या वादातला एक पहिला मोठा खटला चक्क गुप्तीवरूनच झाला.

केंटकी नावाच्या राज्यात १८१३ साली एक कायदा झाला. खिशातले पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा किंवा काठीतली तलवार लपवून जवळ बाळगील त्याला निदान शंभर डॉलर दंड. सूट एकच, प्रवासाला निघालेल्या माणसाला. रानावनातून जायचे तर जवळ काही हवेच, हे कायद्यालाही मान्य होते. त्याच वर्षी लुईझियाना राज्यानेही असाच कायदा केला. तो काळ मानापमानाचा होता. शब्दाला शब्द लागून भर बाजारात सुरे निघत, पिस्तुले निघत. ज्याच्या कमरेला तलवार दिसते त्याच्याशी माणूस जपून वागेल. पण हसत हसत बोलणारा शेजारी अंगरख्यातून खंजीर काढील तर कुणी काय करावे?

केंटकीतल्या या कायद्याखाली ब्लिस नावाच्या एका माणसाला काठीत तलवार बाळगल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला. तो वरच्या न्यायालयात गेला. १८२२ साली न्यायालयाने निकाल दिला की राज्याच्या घटनेने शस्त्राचा हक्क दिला आहे, उघड आणि झाकलेले असा भेद केलेला नाही, म्हणून हा कायदाच चालणार नाही. गुप्तीवाला सुटला! पण लोकांना ते पटले नाही. केंटकीची नवी घटना १८५० साली झाली, तेव्हा लपवून शस्त्र बाळगण्यास बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे, असे तिच्यात स्पष्ट लिहूनच टाकले.

बाकीच्या राज्यांतल्या न्यायाधीशांचा कौल मात्र बहुधा दुसऱ्या बाजूला पडला. जॉर्जियाच्या न्यायालयाने १८४६ साली सांगितले की शस्त्र लपवून नेण्यास बंदी घालायला हरकत नाही. उघडपणे बाळगण्यास मात्र सरसकट बंदी घालता येणार नाही. त्या काळचा विचार असा होता, की मर्दाने शस्त्र बाळगावे तर ते जगाला दिसू द्यावे. लपवतो तो भेकड तरी असावा, नाहीतर मारेकरी. आज त्या देशात पुष्कळ लोकांचे मत नेमके उलटे आहे. बाजारात उघडी बंदूक दिसली तर माणसे घाबरतात. खिशातली दिसत नाही म्हणून खपते. काळ बदलला की सभ्यतेची व्याख्याही कशी बदलते, ते शिक्षकांनी मुलांना सांगण्याजोगे आहे.

हत्यारांतही बदल झाला होता. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली आपल्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. पुन्हा पुन्हा न भरता एकामागून एक गोळ्या झाडता येऊ लागल्या. दुसरीकडे फिलाडेल्फियाच्या डेरिंजर नावाच्या कारागिराची तळहातात मावणारी पिस्तुले लोकप्रिय झाली. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री नाटक पाहत बसलेल्या अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती अशाच एका चिमुकल्या पिस्तुलातून. लपवून नेण्याजोगे शस्त्र काय करू शकते, याचा याहून कडू धडा कोणता?

पण लिंकन ज्या प्रश्नापायी गेले, त्या गुलामगिरीच्या प्रश्नाशी आपली आजची हकीकत घट्ट बांधलेली आहे. इथे तिला गंभीर वळण लागते.

यादवी युद्ध संपले, काळे लोक मुक्त झाले. त्याच वर्षी, १८६५ च्या अखेरीस, मिसिसिपी राज्याने कायदा केला की मुक्त झालेल्या काळ्या माणसाने काउंटीच्या मंडळाच्या परवान्याशिवाय बंदूक, दारूगोळा किंवा सुरा बाळगू नये. परवाना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक निरुपद्रवी कागद येतो. पण तो देणारे मंडळ कालच्या मालकांचे आणि मागणारा कालचा गुलाम! कागदावर वाट ठेवलेली, पण वाटेच्या तोंडाशी उभा कोण, हे पाहिले म्हणजे ती वाट नव्हतीच हे कळते. पुढे राष्ट्राच्या घटनेला १८६८ साली चौदावी दुरुस्ती झाली आणि कायद्यापुढे सगळे समान असे ठरले. त्यानंतर काळ्यांसाठी वेगळा कायदा असे उघड लिहिण्याची सोय राहिली नाही. मग कायदा सगळ्यांसाठी लिहायचा आणि लावायचा मात्र निवडून, ही रीत सुरू झाली.

ही माझी पदरची टीका नव्हे. फ्लोरिडा राज्यात १८९३ सालचा एक परवान्याचा कायदा होता. पुढे १९०१ साली तो पिस्तुलांनाही लागू झाला. काउंटीच्या आयुक्तांकडून परवाना घ्यायचा, शंभर डॉलरचा जामीनकतबा लिहून द्यायचा. १९४१ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती ब्यूफर्ड यांनी आपल्या निकालपत्रात मोकळेपणी लिहिले, की हा कायदा टर्पेंटाइनच्या आणि लाकूडतोडीच्या तळांवर आलेल्या काळ्या मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी झाला, आणि गोऱ्यांना तो लावावा असा हेतू कधी नव्हताच. न्यायमूर्तींच्या लेखणीतून इतकी उघड कबुली क्वचितच उतरते.

तोवर पश्चिमेकडे वेगळेच चित्र होते. सिनेमात आपण घोड्यावरचे गोपाळ पाहतो. जो तो कमरेला दोन पिस्तुले लावून गावभर हिंडत असतो. प्रत्यक्षात त्या गावांचे नियम पुष्कळ कडक होते. कॅन्सस राज्यातल्या डॉज सिटीच्या रस्त्यात शस्त्रबंदीची भली मोठी पाटी उभी असलेले जुने छायाचित्र आजही पाहायला मिळते. ॲरिझोनातल्या टूमस्टोन या खाणीच्या गावाने एप्रिल १८८१ मध्ये ठराव केला की गावाच्या हद्दीत प्राणघातक शस्त्र बाळगायचे नाही. आल्यावर ते ठेवायच्या जागी नेऊन ठेवायचे आणि जाताना उचलून न्यायचे. आपण देवळाच्या पायरीशी जोडे ठेवतो तसे समजा. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला तिथे ती प्रसिद्ध चकमक झाली, जिच्यावर पुढे कितीतरी चित्रपट निघाले. व्हर्जिल अर्प हा गावचा पोलीस अधिकारी आपल्या भावांना आणि एका मित्राला घेऊन निघाला, तो काही जणांकडून शस्त्रे काढून घेण्यासाठी. नियम मोडून ते गावात सशस्त्र फिरत होते. अर्ध्या मिनिटात तीन माणसे ठार झाली. म्हणजे सिनेमावाल्यांनी ज्याला बंदुकीच्या राज्याची गोष्ट केले, ती मुळात नगरपालिकेच्या एका नियमाच्या अंमलबजावणीची गोष्ट होती!

आता न्यूयॉर्ककडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे शहर बोटी भरभरून येणाऱ्या परदेशी मजुरांनी फुगत होते. १९१० च्या ऑगस्टमध्ये शहराचे महापौर गेनर यांच्यावर गोळी झाडली गेली, ते बचावले. जानेवारी १९११ मध्ये डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स या कादंबरीकाराला भर दुपारी रस्त्यात एका माथेफिरूने पिस्तुलाने मारले. शहर हादरले. टिमोथी सलिव्हन नावाचा वजनदार राजकारणी राज्याच्या सिनेटमध्ये होता. त्याने पुढाकार घेतलेला कायदा त्याच वर्षी मंजूर झाला आणि सलिव्हनचा कायदा याच नावाने ओळखला गेला. लपवता येण्याजोगे पिस्तूल परवान्याशिवाय घरी ठेवणे हा गुन्हा, आणि ते अंगावर लपवून फिरणे हा त्याहून भारी गुन्हा. पुढे १९१३ साली दुरुस्ती होऊन असे ठरले, की लपवून शस्त्र नेण्याचा परवाना हवा असेल तर अर्जदाराची चालचलणूक चांगली हवी आणि त्याने योग्य कारण दाखवले पाहिजे.

‘योग्य कारण’ हे दोन शब्द ध्यानात ठेवा. पुढे जवळजवळ एकशे नऊ वर्षे न्यूयॉर्कचा सगळा व्यवहार या दोन शब्दांवर चालला. कारण योग्य आहे की नाही हे कोण ठरवणार? परवाना देणारा अधिकारी. एखादा पेढीवाला रोज रोकड घेऊन बँकेत जातो, हे कारण योग्य. रात्रपाळी करून अंधाऱ्या गल्लीतून घरी परतणाऱ्या कामगाराला भीती वाटते, हे कारण नव्हे. कारण अशी भीती तर सगळ्यांनाच वाटते! कायद्याखाली सुरुवातीलाच तुरुंगात गेलेल्यांत एक इटालियन माणूस होता. खंडणीखोरांच्या भीतीने तो पिस्तूल बाळगीत असे. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या शहराच्या गर्दीत जो तो खिशात पिस्तूल घेऊन फिरता तर काय झाले असते? कायद्यामागचे भय खोटे नव्हते. खोट होती ती तराजू एकाच माणसाच्या हाती देण्यात.

आणि याच तराजूपुढे एक दिवस एक असा माणूस उभा राहिला, ज्याचे नाव आज साऱ्या जगाला माहीत आहे.

अलाबामा राज्यात मॉन्टगोमेरी नावाचे शहर आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या काळ्या बाईंनी बसमध्ये गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्यातून बसवरचा बहिष्कार उभा राहिला. तो वर्षाहून अधिक काळ चालला. त्याचे पुढारीपण सव्वीस वर्षांच्या एका तरुण धर्मोपदेशकाकडे आले. त्यांचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री ते सभेला गेले असताना त्यांच्या घरावर बाँब पडला. घरात त्यांची पत्नी कोरेटा आणि अडीच महिन्यांची तान्ही मुलगी होती. दैव बलवत्तर म्हणून दोघी वाचल्या. संतापलेले लोक अंगणात जमले. काहींजवळ शस्त्रे होती. किंग यांनी ओसरीवर उभे राहून त्यांना शांत केले आणि घरी पाठवले.

त्यानंतर किंग शेरीफच्या कचेरीत गेले आणि गाडीत बंदूक बाळगण्याचा परवाना त्यांनी मागितला. ज्याच्या घरावर बाँब पडला, ज्याला रोज धमक्यांची पत्रे येतात, त्याच्यापेक्षा अधिक योग्य कारण कुणाचे असेल? परवाना नाकारला गेला. कायद्यात कुठेही काळा-गोरा असा शब्द नव्हता. अधिकाऱ्याला माणूस लायक वाटला पाहिजे, एवढेच त्यात होते. तो वाटला नाही, संपले!

पुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. किंग यांनी मनाशी विचार केला. अहिंसक लढ्याचा पुढारी म्हणून आपण घरात शस्त्र तरी कसे ठेवावे? घरी होते तेही त्यांनी दूर केले. १९५९ साली ते भारतात आले, महात्माजींच्या पाऊलखुणा पाहत हिंडले, मुंबईत मणिभवनात राहिले. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस शहरात लांबून झाडलेल्या रायफलीच्या गोळीने त्यांचा अंत झाला. खिशात पिस्तूल असते तरी त्या गोळीपुढे त्याचा उपयोग नव्हता. पण म्हणून शेरीफने केले ते बरोबर ठरते का? नाही. शस्त्र टाकणे हा किंग यांचा स्वतःचा निर्णय होता, त्यात तेज होते. परवाना नाकारणे हा दुसऱ्याचा निर्णय होता, त्यात अन्याय होता. दोन्हींचा परिणाम एकच दिसला तरी दोन गोष्टी एक नव्हेत.

यानंतर वारे फिरले. अधिकाऱ्याच्या मर्जीवर परवाना नको, अशी ओरड होऊ लागली, आणि ती करणाऱ्यांत सगळ्या तऱ्हांचे लोक होते. फ्लोरिडात पूर्वी दर काउंटीची रीत निराळी; एका ठिकाणी मिळे ते शेजारी मिळत नसे. १९८७ साली त्या राज्याने सबंध राज्याला एकच नियम केला. वय एकवीस पुरे, गंभीर गुन्ह्याची शिक्षा नाही, शस्त्र चालवण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला आहे, अशा अटी पुऱ्या झाल्या की परवाना द्यायचाच. अधिकाऱ्याला आवडनिवड नाही. एकामागून एक राज्यांनी हाच कित्ता गिरवला. टेक्सासने १८७१ पासून पिस्तूल बाळगण्यावर बंदी ठेवली होती. त्याने १९९५ साली परवान्याचा कायदा केला.

व्हरमाँट या लहानशा राज्याची तऱ्हा पहिल्यापासूनच न्यारी. तिथल्या रटलंड गावाने नियम केला होता की नगराध्यक्षाच्या किंवा पोलीसप्रमुखाच्या परवानगीवाचून पिस्तूल बाळगू नये. राज्याच्या न्यायालयाने तो १९०३ साली रद्द केला. तेव्हापासून आजतागायत त्या राज्यात परवाना नावाची गोष्ट नाही. पुढे अलास्काने २००३ साली आणि ॲरिझोनाने २०१० साली परवान्याची अट काढली. हां हां म्हणता हे लोण पसरले आणि २०२४ पर्यंत २९ राज्यांत परवान्यावाचून लपवून पिस्तूल बाळगता येऊ लागले. टूमस्टोन ज्या ॲरिझोनात आहे, तिथे हे घडले, हे विशेष!

उरलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने केला. २००८ साली त्याने सांगितले की दुसऱ्या दुरुस्तीतला हक्क एकेकट्या माणसाचा आहे आणि घरात रक्षणासाठी पिस्तूल ठेवता येते. २०१० साली तोच हक्क राज्यांवर आणि नगरपालिकांवरही बंधनकारक ठरला. इलिनॉय राज्यात लपवून शस्त्र नेण्यास पूर्ण बंदी होती. केंद्रीय अपील न्यायालयाच्या निकालामुळे २०१३ साली त्यालाही परवान्याचा कायदा करावा लागला. आणि २३ जून २०२२ रोजी सहा विरुद्ध तीन अशा मतांनी सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचे ते ‘योग्य कारण’ रद्द केले. साध्या नागरिकाने हक्क वापरण्यासाठी आपली विशेष गरज सिद्ध करावी हे घटनेत बसत नाही, असे बहुमताने म्हटले. न्यूयॉर्कने लगोलग नवा कायदा केला. सोळा तासांचे शिक्षण, दोन तास प्रत्यक्ष नेमबाजी, आणि शाळा, दवाखाने, भुयारी रेल्वे अशा ठिकाणी शस्त्र न्यायचेच नाही.

मग परवाने सुटले म्हणून गुन्हे वाढले की घटले? पंडितांत एकमत नाही. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००४ साली सगळे पुरावे चाळून सांगितले की वाढले असे किंवा घटले असे ठामपणे म्हणता येत नाही. पुढच्या काही अभ्यासकांना मात्र वाढ दिसली. आपण एवढेच ध्यानात घ्यावे, की शस्त्र सगळ्यांना दिले म्हणजे न्याय झाला, असे नसते. ज्याच्या घरात पिस्तूल आहे, त्याच्या घरात तापट मुलगाही असतो, दारूची बाटलीही असते, जिवाला कंटाळलेले माणूसही असू शकते. शेरीफच्या मर्जीचा जुलूम नको, हे खरे. पण मर्जी काढून टाकल्यावर विवेकही काढून टाकायचा का, हा प्रश्न उरतोच.

श्रोतेहो, आता आपल्या दाराशी येऊ. आपल्याकडे इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती. युरोपियनांना नियमांतून सूट. मिसिसिपीचेच हे भावंड म्हणा ना! शेतात रानडुकरे शिरली तरी कुणब्याने गोफण फिरवायची आणि डबे वाजवायचे. म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता.

पुढे घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये हा प्रश्न आला. हरि विष्णु कामत यांनी सुचवले की हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. म्हणजे सलिव्हनचा कायदा नवा असताना ते त्याच शहरात होते. त्यांनी दुरुस्ती स्वीकारली नाही. परक्या सरकारने सबंध देश निःशस्त्र केला होता तेव्हा ही मागणी समजण्याजोगी होती. आता परिस्थिती पालटली आहे. आणि शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. सभागृहानेही तेच मानले. आपल्या घटनेत शस्त्राचा हक्क नाही.

पण आपण इंग्रजांचा कायदाही तसाच ठेवला नाही. शस्त्रांचा नवा कायदा १९५९ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या. २०१९ सालच्या दुरुस्तीने साधारणपणे एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे केले. आपल्याकडे परवाना मागायचा तर पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो, चौकशी होते, आणि मर्जीला जागा अजूनही पुष्कळ आहे. तरी त्या कायद्याचे १३ आणि १४ वे कलम शिक्षकांनी एकदा तरी वाचून पाहावे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागणाऱ्या शेतकऱ्याचा त्यात वेगळा विचार आहे. केवळ अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. नाकारायचा तर कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि मागितल्यास, सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर, ती थोडक्यात अर्जदाराला द्यावी लागतात. त्यावर अपिलाचीही सोय आहे.

लेखी कारण! मॉन्टगोमेरीच्या त्या कचेरीत किंग यांना जे मिळाले नाही ते हेच. आपल्या आयुष्यात पिस्तुलाच्या परवान्याचा प्रसंग फार थोड्यांवर येईल, आणि येऊ नये हेच बरे. पण अर्ज कुणाला चुकला आहे? विहिरीचा असतो, वीजजोडणीचा असतो, जातीच्या दाखल्याचा असतो. खिडकीपलीकडचा माणूस नुसते ‘नाही’ म्हणतो आणि आपण पायऱ्या उतरून घरी येतो. अशा वेळी शांतपणे एवढेच म्हणावे, की साहेब, का नाही ते लिहून द्या. त्या वाक्याला कुठल्याही परवान्याची गरज लागत नाही.